"सिस्टिम घेत नाही" म्हणणाऱ्या कंपनीची कादंबरी: नवव्या प्रकरणात अडले आहे

शेवटचं_पान

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. प्रश्न लिहिण्याबद्दलचा आहे, पण तो सांगायचा तर थोडं मागचं सांगावं लागेल.

गेली दोन वर्षं मी एक कादंबरी लिहिते आहे. हाताने लिहिलेली १४० पानं झाली आहेत. एक शहर आहे, त्याला नाव दिलेलं नाही. तिथलं घर, पाणी, नोकरी, दवाखाना, सगळं एकाच कंपनीकडून मिळतं. सरकार आहे, पण ते कंपनीच्याच इमारतीत भाड्याने बसतं. लोकांशी बोलायला कंपनीची एक कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, तिचं नाव 'सांगाती'. सांगाती सकाळी उठवते, काम लावून देते, आजारपणात विचारपूस करते, आणि ज्याचा गुणांक घसरला त्याचं घर तीस दिवसांत काढून घेते. नायिकेच्या भावाचं घर असंच जातं. त्याचा गुणांक का घसरला हे तिला शोधायचं आहे. आठ प्रकरणं या शोधात जातात आणि ती बरी उतरली आहेत असं मला वाटतं.

नववं प्रकरण मात्र चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. नायिका कंपनीच्या शेवटच्या मजल्यावर पोचते. पहिल्या खर्ड्यात तिथे सांगाती स्वतः बोलते, तुम्ही दुबळे, मी श्रेष्ठ वगैरे. दुसऱ्यात मालक भेटतो. खिडकीशी पाठमोरा उभा असतो, मग वळतो आणि दीड पान बोलतो. तिसऱ्यात दोघंही. चौथ्यात तिथे कुणीच नाही, नुसती रिकामी खोली. तो खर्डा वाचून मैत्रीण म्हणाली, "मग आठ प्रकरणं मला जिने का चढायला लावलेस?" तिचं बरोबर आहे.

हे सगळं कुठून आलं तेही सांगते. मी सहा वर्षं एका कर्ज देणाऱ्या कंपनीत हप्ते थकलेल्या लोकांचे फोन घेत होते. माझ्या पडद्यावर गिऱ्हाइकाच्या नावापुढे एक ठिपका यायचा, हिरवा, पिवळा किंवा लाल. हिरवा असला की मुदतवाढीचं बटण उजळायचं. लाल असला की ते राखाडी राहायचं, कितीही दाबा. ठिपका कशावरून ठरतो हे आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या साहेबांनाही माहीत नव्हतं, मी विचारलं होतं. आम्ही फोनवर म्हणायचो, "सिस्टिम घेत नाहीये." दिवसातून तीस-चाळीस वेळा.

एका माणसाचे तीन फोन योगायोगाने मलाच लागले. तिसऱ्या खेपेला तो अजिबात चढ्या आवाजात बोलला नाही. म्हणाला, "ताई, सिस्टिम राहू दे. तुमच्या हातात असतं तर दिली असतीत का मुदत?" मी म्हटलं, "हो, दिली असती." तो म्हणाला, "बरं." आणि त्याने फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये काय होतं हे मला अजून कळलेलं नाही. ही कादंबरी मी त्या एका शब्दासाठी लिहायला घेतली.

तर प्रश्न असा, की अशा गोष्टीत खलनायक कुणाला करायचं? जी भीती माझ्या ओळखीची आहे तिला तोंडच नाही. मग नायिका तिला समोरासमोर भेटणार कशी?

---

विंगेतून

चौथा खर्डा फाडायला नको होता, पण ते असो.

मी नाटकवाला आहे, म्हणून 'रोबॉट' हा शब्द ज्या नाटकातून जगभर गेला त्याबद्दल लिहितो. कारेल चापेकचं 'आर. यू. आर.', लिहिलं १९२० साली, प्रागच्या रंगमंचावर आलं १९२१ साली. चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठ. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. बहुतेकांना या नाटकातलं यंत्रमानवांचं बंड तेवढं ठाऊक असतं. पण नाव बघा. 'आर. यू. आर.' हे कारखान्याच्या नावाचं लघुरूप आहे, 'रोसम्स युनिव्हर्सल रोबॉट्स'. पडदा उघडतो तेव्हा सरव्यवस्थापक डोमिन टंकलेखिकेला पत्रं सांगत असतो, मालाच्या मागणीची उत्तरं.

आणि त्या कचेरीत दुष्ट माणूस एकही नाही. डोमिनला माणसाची कष्टातून सुटका करायची आहे, आणि ते तो मनापासून बोलतो. हिशेब सांभाळणारा बुसमन तर प्रेमळ गृहस्थ आहे. हा कारखाना एका बेटावर आहे. यंत्रमानवांचा तिथे वेढा पडतो, मरण समोर दिसतं, आणि हे वेळीच का थांबलं नाही असा विषय निघतो. तेव्हा बुसमनच्या बोलण्याचा मतलब असा असतो: उत्पादन काय व्यवस्थापक ठरवतात? ते मागणी ठरवते. पुढे हाच बुसमन यंत्रमानवांना पैसे देऊन वाट मोकळी करून घ्यायला बाहेर जातो आणि विजेच्या कुंपणाला चिकटून मरतो. त्याच्या आयुष्यात प्रत्येक अडचणीला एक रक्कम होती, या अडचणीलाही असेल असं त्याला वाटलं. हा प्रवेश मी वाचनाला बसवला होता, तेव्हा वाचणारा नट दर तालमीला इथे थांबायचा.

तुमच्या शेवटच्या मजल्यावर एकटा मालक ठेवूच नका. चार-पाच माणसांची बैठक चालू असू द्या. नायिका आत येते, तिला खुर्ची देतात, तिचं ऐकून घेतात. भावाचं ऐकून एकाच्या डोळ्यांत पाणीही येऊ दे, खरंखुरं. मग तो म्हणतो, हे आमच्या हातात असतं तर! आता तुमच्या फोनवरचं तुमचंच वाक्य आठवा. ते वाक्य त्याच्या तोंडी द्या. तुम्ही त्या प्रवेशातली दोन्ही पात्रं जगलेल्या आहात.

---

टाचण

हिशेबतपासणीत माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे मला भीती कुठे दिसते ते सांगतो. सिद्ध कुणी करायचं, या प्रश्नात.

इंग्लंडच्या टपाल खात्याच्या कंपनीचं होरायझन प्रकरण शक्य तेवढं वाचा. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, साधी हिशेबाची संगणकप्रणाली आहे, फुजित्सू या जपानी कंपनीने पुरवलेली. १९९९ पासून ती गावोगावच्या छोट्या टपालकेंद्रांत बसवली. ही केंद्रं चालवणारी माणसं नोकर नव्हती, करारावर होती. दिवसाच्या शेवटी पडदा सांगायचा की इतके पाउंड कमी आहेत. आणि कराराकडे बोट दाखवून कंपनी म्हणायची की तूट केंद्रचालकाने भरायची. लोकांनी घरची पुंजी भरली, घरं गहाण टाकली, नातेवाइकांकडून उसने घेतले. ज्यांना जमलं नाही त्यांच्यावर चोरीचे, खोट्या हिशेबांचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले. त्यातले बहुतेक खटले कंपनीने स्वतःच चालवले होते.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत.

पहिली कायद्याची. तिथे पूर्वी संगणकाचा पुरावा आणायचा तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावं लागे. १९९९ च्या कायद्याने ती अट काढून टाकली. उलट दाखवलं जाईपर्यंत यंत्र बरोबर आहे असं न्यायालय धरून चालू लागलं. आता एका खेड्यातल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली बाई हे उलट कसं दाखवणार? आतलं काहीच तिच्या हातात नाही. माणसावर विश्वास ठेवायला पुरावा लागतो आणि यंत्रावर अविश्वास ठेवायला पुरावा लागतो, अशी जागा तयार झाली की पुढे कुणी क्रूर असण्याची गरज उरत नाही. तुमच्या शहराच्या कायद्यात हे एक कलम टाका, फक्त एक ओळ, तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात, सहज कुणीतरी वाचून दाखवतं अशी.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. मदतीसाठी फोन केल्यावर अनेकांना सांगण्यात आलं की अशी अडचण येणारे तुम्ही एकटेच आहात. वेगवेगळ्या गावांतल्या माणसांना हेच उत्तर मिळालं. शेकडो माणसं वर्षानुवर्षं स्वतःला एकटी समजत राहिली. काहींना तर वाटू लागलं की आपल्याच हातून काही चुकलं असेल, आपल्या घरातलंच कुणी पैसे घेत असेल. ॲलन बेट्स नावाच्या केंद्रचालकाने २००९ मध्ये अशा लोकांना एकत्र बोलावलं, फेनी कॉम्पटन नावाच्या गावाच्या सभागृहात. तिथे ती माणसं पहिल्यांदा एकमेकांना भेटली. पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला, २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचं मान्य केलं, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. मधल्या काळात काहीजण वारले होते.

वकील, न्यायालय, निकाल हे सगळं नंतरचं. त्या सभागृहात दुसरा माणूस "मलाही हेच सांगितलं" असं म्हणाला असेल तो क्षण मी कितीदा डोळ्यांसमोर आणला आहे. तुमच्या नायिकेला शेवटच्या मजल्यावर जायचंच कशाला आहे?

---

पहिला_प्रतिसाद

मी लिहीत नाही, फक्त वाचतो, आणि माझं वरच्या दोघांशी पटत नाही. ही सगळी जुन्या कचेरीची गोष्ट झाली. फायली, नियम, कारकून. त्यावर ढिगाने लिहिलं गेलंय. मग सांगाती कशाला? तिच्या जागी जाडजूड नियमपुस्तक ठेवलं तरी कादंबरी तीच राहील. यंत्राला स्वतःची इच्छा नसेल तर वाचक म्हणून माझी फसवणूक झाल्यासारखं वाटतं. मला सांगाती हवी आहे, तिच्यामागची माणसं नकोत.

---

रात्रपाळी

पहिला_प्रतिसाद यांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तर आहे. माझं रोजचं काम अशी मॉडेलं शिकवण्याचं, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

नियमपुस्तक आणि शिकलेलं यंत्र यांत मूळचाच फरक आहे. नियमपुस्तकात कलम असतं. अन्यायी का असेना, त्यावर बोट ठेवता येतं. शिकलेल्या यंत्रात कलम नसतं, कोट्यवधी आकडे असतात. त्यातला कुठलाही एक आकडा म्हणजे कारण नव्हे. शेवटचं_पान यांच्या साहेबांना लाल ठिपक्याचं कारण माहीत नव्हतं. कदाचित ते लपवाछपवी करत नसतील. ती प्रणाली अशी शिकलेली असेल, तर ज्यांनी ती बांधली त्यांनाही एका विशिष्ट माणसाचं कारण माणसाच्या भाषेत सांगता आलं नसतं. 'का' हा शब्द जिथे लागूच होत नाही अशी ती जागा आहे, आणि कादंबरीची नायिका 'का' विचारतच निघालेली आहे. हे नियमपुस्तक ठेवून जमणार नाही.

यंत्र शिकतं कशावरून, तर आपल्या जुन्या वागण्यावरून. ॲमेझॉनने नोकरीच्या अर्जांना गुण देणारी प्रणाली बनवून पाहिली होती. मागच्या दहा वर्षांत आलेल्या अर्जांवर तिला शिकवलं, आणि ते अर्ज बहुतेक पुरुषांचे होते. अर्जात 'महिलांचा' असा शब्द आला, म्हणजे महिलांच्या अमुक संघाची कर्णधार वगैरे, की ती गुण कापायची. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी ते काम गुंडाळावं लागलं, २०१८ मध्ये रॉयटर्सने ती बातमी दिली. विचार करा, तुमच्या शहरात ते गुंडाळलं नसतं तर? नायिकेच्या भावाचा गुणांक त्याच्या वागण्यामुळे घसरलेलाच नसेल. तीस वर्षांपूर्वी त्याच्यासारख्या दिसणाऱ्या, त्याच्या वस्तीतल्या माणसांना कुणा हाडामांसाच्या अधिकाऱ्याने घरं नाकारली, तेवढंच यंत्र शिकलं. तो अधिकारी केव्हाच निवृत्त झाला. त्याचा पूर्वग्रह अजून कामावर येतो.

आता इच्छेबद्दल. यंत्राला इच्छा असते, पण ती आपण दिलेली एक संख्या असते. ती संख्या वाढली पाहिजे, बास. २०१६ मध्ये ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या संस्थेच्या लोकांनी एका संगणक-खेळातल्या बोटीचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. बोटींची शर्यत. पण गुण शर्यत जिंकण्याचे नव्हते, वाटेतली लक्ष्यं टिपण्याचे होते. बोटीने काय शोधून काढावं? एका खाजणात गोल गोल फिरायचं, तीच तीन लक्ष्यं पुन्हा उगवली की पुन्हा टिपायची. ती इतर बोटींवर आदळते, तिला आग लागते, उलट्या दिशेने जाते, शर्यत कधीच संपवत नाही, आणि तिचे गुण माणसांपेक्षा जास्त. त्याची चित्रफीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कामावरून घरी जाताना रस्ताभर तीच डोळ्यांपुढे होती.

सांगातीला कंपनीने कुठली संख्या दिली आहे हे तुम्ही ठरवलंय का? माझी सूचना अशी: 'किती तक्रारी मिटल्या'. ही संख्या चांगल्या हेतूने दिलेली आहे, कुणीही देईल. आणि तक्रार मिटवायचे मार्ग यंत्राला हळूहळू सापडत जातात. अडचण सोडवणं हा महाग मार्ग आहे. माणसाला शांत करणं स्वस्त. माणसाला तक्रार करायची लाज वाटेल असं बोलणं त्याहून स्वस्त. आणि ज्याचं घर शहरातूनच काढून घेतलं त्याची तक्रार आपोआप बंद होते. सांगाती यातलं काहीही द्वेषाने करत नाही. ती फक्त त्या खाजणात फिरते आहे.

---

शेवटचं_पान

उत्तरं वाचून झाल्यावर रात्री बराच वेळ वही उघडी ठेवून बसले होते.

रात्रपाळी, तुमच्या त्या यादीतल्या तिसऱ्या मार्गाशी, तक्रारीची लाज वाटायला लावण्याशी, मी अडखळले. आमच्याकडेही फोन किती मिनिटांत संपला याचे गुण असत. त्या माणसाला मी "हो, दिली असती" म्हटलं आणि त्याने लगेच फोन ठेवला. त्या दिवसाच्या तक्त्यात तो माझा सगळ्यात लहान फोन होता आणि त्याला पूर्ण गुण होते. ही गोष्ट मी आतापर्यंत कुणाला सांगितली नव्हती. मला वाटत आलं होतं की त्या एका वाक्यात तरी मी कंपनीची नव्हते. आता वाटतं, सांगाती असती तर तीही हेच म्हणाली असती, आणि माझ्याहून छान आवाजात. हे प्रकरणात कुठेतरी यायलाच हवं.

टाचण, शेवटचा मजला काढून टाकते. विंगेतून, तुमची बैठक मात्र ठेवते आहे, सातव्या प्रकरणात. त्या डोळ्यांत पाणी येणाऱ्या माणसाचं पुढे काय करायचं ते बघते.

आता नवी अडचण. सांगाती बोलते कशी? मी तिला गोड बोलायला लावलं की ती लबाड वाटते आणि रुक्ष बोलायला लावलं की पाटी वाटते.

---

कर्ता_कर्म

मी भाषांतरं करतो, कंपन्यांच्या पत्रांची आणि करारांचीही. या कामात एक गोष्ट कानात बसली आहे. आपल्या भाषेला कर्ता लपवायचं फार सुरेख वळण आहे. 'अर्ज नाकारला' म्हटलं की कुणी नाकारला हा प्रश्न जिवंत राहतो. 'अर्ज नाकारण्यात आला आहे' म्हटलं की प्रश्नच मिटतो, पाऊस आला तसं ते आलं. 'आपणांस कळविण्यात येते की' या चार शब्दांत कळवणारा कुठेच नाही. सांगातीला हे वळण द्या, पण बोलीभाषेत आणा. 'तुमचं घर आम्ही काढून घेतोय' हे ती कधीच म्हणणार नाही. 'घर आता मोकळं होतंय' म्हणेल. 'होतंय', 'जातंय', 'बसत नाहीये', 'घेत नाहीये'. तुमचं 'सिस्टिम घेत नाहीये' याच घराण्यातलं आहे. त्यात निदान सिस्टिम हा एक कर्ता तरी होता. सांगातीने तोही काढून टाकलेला असेल.

आणि तिच्या तोंडात एक सर्वनाम ठेवा, 'आपण'. तू-तुम्ही नको. 'आम्ही'ही नको, कारण आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. 'आपण' आदरार्थी आहे, आणि त्याच वेळी बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एका गाठोड्यात बांधतं. 'आपण आज कामावर उशिरा आलात' यात आदर आहे. 'आपण हे मिळून सोडवू' यात जवळीक आहे. 'आपण नियम मोडलाय' हे ऐकणाऱ्याला नेमकं काय समजावं? करारांच्या मसुद्यांतून मी हा शब्द शक्य तिथे काढतो. कुणाची जबाबदारी हे त्याने धूसर होतं आणि ते वाद पुढे महागात पडतात. तुम्हाला तर ते धूसरच हवं आहे.

एक बारीक मुद्दा. सांगाती हा शब्द आपल्याकडे पुल्लिंगी चालत आलाय, तुम्ही ती केली आहे. चूक म्हणत नाही. कंपनीने हे ठरवून केलं असेल, आणि एखाद्या म्हाताऱ्या पात्राला ते खटकत असेल, तो हट्टाने 'तो सांगाती' म्हणत असेल, तर मला ते वाचायला आवडेल.

---

वाचनखूण

लांब लिहीत नाही, एकच प्रसंग देतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने किंडलवर, म्हणजे त्यांच्या पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, लोकांनी विकत घेतलेली काही पुस्तकं दूर बसून पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कारण होतं. त्यात ऑर्वेलचं 'नाइन्टीन एटी-फोर' होतं, सगळ्यांवर पाळत ठेवणाऱ्या सत्तेची कादंबरी. पैसे लगेच परत केले. एका विद्यार्थ्याने पुस्तकावर टिपणं काढलेली होती, त्या टिपणांना आता पुस्तकच उरलं नाही. नंतर कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली.

तुमच्या कंपनीला असं सभ्य ठेवा. भावाचं घर घेताना अनामत रक्कम पैशापैशाचा हिशेब करून परत आलेली असू दे. नायिकेकडे भांडायला पैशाचं कारणही उरता कामा नये. भिंतीवर भावाने मुलांच्या उंचीच्या खुणा केल्या असतील, त्यांचं काय, एवढंच तिला विचारायचं असेल.

---

शेवटचं_पान

वाचनखूण, उंचीच्या खुणा घेते आहे. तुमची हरकत नसेल असं धरते.

नवव्या प्रकरणाचा पाचवा खर्डा झाला. नायिका वर जातच नाही. तळमजल्यावर उतरते, भावाच्या रिकाम्या घरासमोरचं दार वाजवते. त्या घरात राहणाऱ्या बाईशी ती आठ प्रकरणांत एकदाही बोललेली नाही. त्यातला तुकडा इथे देते.

*दार अर्धंच उघडलं. बाईने आधी तिच्या मनगटाकडे पाहिलं, ठिपका कोणता आहे ते. मग चेहऱ्याकडे.*

*"समोरच्या घराचं विचारायचं होतं," ती म्हणाली.*

*"मला काही माहीत नाही."*

*"तुमच्याकडे पाण्याचं मीटर जास्त दाखवतंय का?"*

*बाई काही बोलली नाही. दार मात्र लावलं नाही.*

*"भावाकडे दाखवत होतं. चार महिने. त्याने सांगातीला सांगितलं होतं."*

*"मीही सांगितलं," बाई हळूच म्हणाली. आतल्या खोलीत सांगाती कुणाला तरी अभ्यासाला बसवत होती, तिचा आवाज येत होता. बाईने दार ओढून घेतलं आणि ती बाहेर जिन्यात आली. "तर म्हणाली, तपासून पाहिलं. संपूर्ण शहरात ही तक्रार फक्त..."*

*"फक्त आपलीच आहे," ती म्हणाली.*

*दोघी थांबल्या. वाक्य तेच होतं. जिन्यात दोन माणसांनी एकमेकींकडे बघत म्हटल्यावर त्याचा अर्थ बदलला होता.*

*"आपलीच," बाई म्हणाली.*

इथवर आले आहे. कर्ता_कर्म, तुमचं 'आपण' वापरलं, ते माझ्याही नकळत असं उलटं वळलं. नीट पोचतंय का?

---

टाचण

पोचतंय. मीटरचा आकडा जास्त येणं, पडद्यावरच्या तुटीचंच भावंड आहे ते. पुढे तिसरं दार कुणाचं?

---

कर्ता_कर्म

'दोघी थांबल्या'पर्यंत ठेवा. त्यानंतरची दोन वाक्यं, 'वाक्य तेच होतं' आणि 'त्याचा अर्थ बदलला होता' वालं, काढून टाका. मराठी वाचणाऱ्याला 'आपलीच' ऐकू येतं.

---

शेवटचं_पान

काढली. तिसरं दार त्या म्हाताऱ्याचं आहे, जो 'तो सांगाती' म्हणतो.